सोमवारी वर्गातला गेको खात नाही: दोष कुठे शोधायचा

सरपटणारा प्राणी पाळलेल्या बहुतेक वर्गांत तक्रार एकाच शब्दांत येते: सोमवारी खात नाही. शुक्रवारपर्यंत अळीवर झडप घालणारा लेपर्ड गेको (ठिपक्यांची पाळीव पाल) सोमवारी तीच अळी समोर वळवळत असताना नुसता बघत राहतो. बियर्डेड ड्रॅगन (सरड्याचा एक प्रकार) दिव्याखाली बसलेला असतो, पण अंगाचा रंग काळपट आणि डोळे अर्धवट मिटलेले. मंगळवारी एखादा घास घेतो, बुधवार-गुरुवारी ताळ्यावर येतो आणि पुढच्या सोमवारी पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. लांब सुट्टी झाली की हाच प्रकार आठवडाभर चालतो.

यावर सर्रास काय केलं जातं? खाद्य बदलून बघतात, कॅल्शियमची किंवा जीवनसत्त्वांची पूड वाढवतात, नाहीतर तोंड उघडून भरवतात. भरवण्याचा उपाय तर करूच नका. जबड्याला इजा होते, घास श्वासनलिकेत जाऊ शकतो आणि अंग गार असेल तर पोटात गेलेलं अन्न पचतही नाही. दुखणं ठरावीक वारी येत असेल तर आधी शाळेचं वेळापत्रक तपासायचं, मग प्राणी. शुक्रवारी संध्याकाळी दाराला कुलूप लागल्यापासून सोमवारी ते उघडेपर्यंत प्राण्याच्या काचेच्या टाकीत किती तापमान होतं, याचं उत्तर हातात असल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नाही.

कारण साधं आहे. सरपटणारे प्राणी अंगात पुरेशी ऊब तयार करू शकत नाहीत, ती बाहेरून घेतात. पचनाची पाचकद्रव्यं, आतड्यांची हालचाल, रोगाशी लढणाऱ्या पेशी हे सगळं त्या उधारीच्या उष्णतेवर चालतं. टाकी गार पडली की पोटातलं अन्न पुढे सरकत नाही, तिथेच कुजायला लागतं आणि वायू धरतो. अशा अवस्थेत भूक मरणं हा त्या प्राण्याचा शहाणपणा आहे.

आधी आकडा मिळवा

किमान-कमाल नोंद ठेवणारा, तारेला प्रोब (तापमान टिपणारं टोक) असलेला डिजिटल तापमापक घ्या. काचेला चिकटवायचा गोल काट्याचा तापमापक या कामाला निरुपयोगी आहे. तो काचेजवळच्या हवेचं तापमान दाखवतो, तेही बऱ्याचदा काही अंशांनी चुकीचं, आणि रात्री काय झालं ते तर सांगतच नाही. प्रोब टाकीच्या गार बाजूला, प्राणी बसतो त्या उंचीवर लावा. जमलं तर दुसरा तापमापक उबदार बाजूच्या जमिनीवर ठेवा. शुक्रवारी निघताना दोन्हींची नोंद शून्य करा. सोमवारी सकाळी कशालाही हात लावायच्या आधी किमान आणि कमाल आकडे वहीत लिहा.

हे सोमवारी सकाळीच करायला हवं, कारण नऊ वाजेपर्यंत दिवे लागलेले असतात, टाकी पुन्हा गरम झालेली असते आणि सगळं आलबेल दिसतं. रात्री तापमान १५ अंशांवर उतरलं होतं याचा मागमूसही उरत नाही.

तुलनेसाठी नेहमीचे आकडे असे. लेपर्ड गेकोला उबदार बाजूच्या जमिनीवर ३१ ते ३३ अंश सेल्सिअस, गार बाजूला २४ ते २६. बियर्डेड ड्रॅगनला दिव्याखालच्या दगडावर ३८ ते ४२, गार टोकाला २४ ते २७. कॉर्न स्नेक या बिनविषारी सापाला उबदार बाजूला २८ ते ३२, गार बाजूला २२ ते २४. तिन्ही प्राणी निरोगी आणि पूर्ण वाढलेले असतील तर रात्री २० अंशांपर्यंत उतरलेलं चालतं. किमान आकडा १८ च्या खाली असेल तर सोमवारच्या तक्रारीचं कारण सापडलं असं समजा.

जमिनीचं किंवा दगडाचं तापमान इन्फ्रारेड तापमापकाने मोजा, हवेचं प्रोबने. एकाचं काम दुसऱ्याने करू नका. दिव्याखालची हवा ३४ आणि दगड ४७ अशी तफावत सहज पडते, आणि पोट टेकतं ते दगडावर.

आकडा कमी आला तर

सगळ्यात आधी वीज. पुष्कळ शाळांमध्ये शेवटचा माणूस जाताना मजल्याचा मुख्य स्विच खाली करतो. ते त्याचं कामच आहे, त्याला दोष देण्यात अर्थ नाही. त्याला कोणी सांगितलेलं नसतं एवढंच. टाकीसाठी मुख्य स्विचच्या कक्षेबाहेरची वेगळी लाइन मिळते का हे शाळेच्या इलेक्ट्रिशियनला विचारा. ती मिळत नसेल तर त्या खोलीत रात्रीची ऊब लागणारा प्राणी ठेवूच नये. दुसरी नेहमीची घटना म्हणजे फरशी पुसायचं यंत्र लावायला टाकीचा प्लग काढला जातो आणि परत लावायचा राहतो. यावर सॉकेटला झाकण आणि ठळक अक्षरांत चिठ्ठी: ‘जिवंत प्राणी. हा प्लग काढू नये.’ सफाई करणाऱ्यांना एकदा टाकीजवळ आणून प्रत्यक्ष दाखवलंत तर चिठ्ठीपेक्षा जास्त उपयोग होतो.

मग टायमर बघा. चकतीचा, टिकटिकणारा टायमर वीज गेली की थांबतो आणि आल्यावर तिथून पुढे चालू होतो. सहा तास वीज गेली तर सकाळी ८ ला लागणारा दिवा दुपारी २ ला लागतो आणि रात्री ८ ऐवजी पहाटे २ ला विझतो. वर्गात कोणाच्या लक्षात येत नाही, कारण दुपारी बघावं तर दिवा चालू असतो. पण ड्रॅगनची सकाळ दुपारी होते आणि सकाळी दिलेली पाल्याची वाटी तशीच राहते. चकतीवरची वेळ भिंतीवरच्या घड्याळाशी दर सोमवारी जुळवून पाहा, किंवा आत बॅटरी असलेला डिजिटल टायमर घ्या. उष्णता देणारं रात्रीचं उपकरण टायमरवर लावू नका. ते फक्त थर्मोस्टॅटवर, म्हणजे तापमान बघून उष्णता चालू-बंद करणाऱ्या उपकरणावर.

वीज नीट, टायमर नीट, तरीही रात्री हवा गार पडत असेल तर हीट मॅट (टाकीखाली ठेवायची विजेवर तापणारी चटई) अपुरी आहे. मॅट जमीन तापवते, हवा नाही. खोलीच १४ अंशांवर गेली तर गेकोचं पोट उबदार आणि पाठ गार अशी स्थिती होते. अशा खोलीत वरून प्रकाश न देणारा सिरॅमिक हीटर लागतो, चिनीमातीच्या होल्डरमध्ये. प्लॅस्टिकचा होल्डर वितळतो. हीटरभोवती जाळी हवीच, ड्रॅगन आणि साप दोघंही त्याला जाऊन चिकटतात. रात्री उबेसाठी लाल किंवा निळा बल्ब लावण्याची पद्धत सोडून द्या. प्राण्यांना तो प्रकाश दिसतो आणि त्यांची रात्र मोडते.

थर्मोस्टॅटच्या प्रोबकडे जरा जवळून बघा, कारण सगळ्यात लबाड दोष इथे असतो. मॅटवरच्या जमिनीला चिकटवलेला प्रोब गेको उकरून सुटा करतो आणि तो हवेत लोंबकळतो. थर्मोस्टॅटला वाटतं २२ अंशच आहेत, म्हणून तो मॅट अखंड चालू ठेवतो. जमीन ४५ च्या वर जाते. गेको पळून जात नाही, कारण पाठीला गारच लागत असतं, आणि पोटाच्या कातडीवर तांबूस-तपकिरी डाग उमटतात. उलट प्रकारही होतो. प्रोब सरकून अंग शेकायच्या (बास्किंग) दिव्याखाली आला की थर्मोस्टॅट लवकर बंद करतो आणि बाकी टाकी गार. पाण्याचं भांडं सांडून प्रोब ओला झाला तर बाष्पीभवनाने तो गार पडतो आणि मॅट पुन्हा जास्त तापते. प्रोब केबल क्लिपने पक्का बसवा, चिकटपट्टी टाकीच्या आत कधीही वापरू नका. कातडी तिला चिकटली तर सोलून निघते. शुक्रवारी निघताना प्रोबला बोट लावून हलवून बघा.

मॅट टाकीच्या तळाच्या एक तृतीयांश भागाखालीच असावी आणि टाकी रबरी पायांवर थोडी उचललेली असावी, म्हणजे खाली उष्णता कोंडून काच तडकत नाही.

आकडा जास्त आला तर

कमालचा रकानाही वाचा. बंद खोली, खिडकीतून येणारं ऊन आणि काचेची टाकी मिळून भट्टी होते. थर्मोस्टॅट उष्णता बंद करू शकतो, गारवा देऊ शकत नाही. गार टोकाला ३५ च्या वर आकडा गेला असेल तर प्राण्याला टाकीत कुठेही थंड जागा उरली नव्हती असा अर्थ होतो. तोंड उघडं ठेवून गार कोपऱ्यात चिकटून बसणं, पाण्याच्या भांड्यात झोपणं ही त्याची खूण. सोमवारी असा प्राणी खात नाही तो पाणी कमी झाल्यामुळे. उपाय एकच, टाकी खिडकीसमोरून हलवा. पडदा पुरेसा नाही, तो कोणीतरी उघडतं.

शुक्रवारचं जेवण

दोन दिवस उपाशी राहील या काळजीने शुक्रवारी दुपारी भरपूर खाऊ घालण्याची सवय सगळ्यात जास्त नुकसान करते. खाऊ घालणारा प्रेमानेच घालतो, पण भरल्या पोटी टाकी गार पडली की अन्न तसंच राहतं. साप ओकतो, गेको फुगतो. पूर्ण वाढलेल्या निरोगी प्राण्याला दोन दिवस अन्न नसल्याने काहीही होत नाही. गेको तर शेपटीत चरबी साठवूनच असतो. पाणी मात्र ताजं आणि न सांडणाऱ्या जड भांड्यात हवं.

म्हणून जेवणाचे वार आठवड्याच्या मध्यावर आणा. मोठ्या लेपर्ड गेकोला मंगळवारी आणि गुरुवारी, शाळा सुटायच्या वेळी, पाच ते सात कीटक. तो तिन्हीसांजेचा प्राणी आहे, सकाळी दहाला भूक कुठली? मोठ्या ड्रॅगनला पाला रोज सकाळी, दिवा लागल्यावर तासाभरात, म्हणजे खाऊन झाल्यावर अंग शेकायला दिवस उरतो. कीटक त्याच दोन वारी. पाला शुक्रवारी दुपारी काढून टाका. पालक रोज देऊ नका, त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियम बांधून ठेवतं. ॲव्होकॅडो आणि काजवे विषारी आहेत. कॉर्न स्नेकला सोमवारी किंवा मंगळवारी, मोठा असेल तर दहा ते चौदा दिवसांतून एकदा, आणि त्यानंतर ४८ तास कोणीही हातात घ्यायचं नाही.

कीटक प्राण्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा नको. खायला देण्याआधी कीटकांना चोवीस तास चांगला पाला-गाजर खाऊ घाला, रिकाम्या पोटाचा रातकिडा म्हणजे नुसतं टरफल. आणि सुट्टीसाठी म्हणून टाकीत रातकिडे सोडून जाऊ नका. भुकेले रातकिडे झोपलेल्या गेकोची बोटं आणि डोळ्यांचे कोपरे कुरतडतात.

पिल्लांना हे वेळापत्रक लागू नाही. गेको-ड्रॅगनच्या पिल्लांना तर रोज खायला लागतं, म्हणूनच वर्गात पिल्लू आणणं चूक आहे, कितीही गोड दिसलं तरी.

सोमवारी लगेच काय करायचं

किमान आकडा १८ च्या खाली दिसला तर त्या दिवशी खाद्य नाही. टाकी दोन-तीन तासांत हळूहळू नेहमीच्या तापमानावर येऊ द्या. गरम पाण्याची पिशवी, केस वाळवायचं यंत्र, मुलांच्या हातांची ऊब यांपैकी काहीही नको. त्वचा भाजते पण आतला गारठा तसाच राहतो. पाणी ठेवा. अंग तापल्यावरही ड्रॅगनची कातडी सुरकुतलेली आणि डोळे खोल दिसत असतील तर सुमारे ३० अंशांच्या पाण्यात, त्याच्या कोपरापर्यंत येईल इतक्याच, दहा-पंधरा मिनिटं बसवा. एक मोठा माणूस समोरून हलणार नाही. नंतर पुसून लगेच दिव्याखाली.

तापमान चोवीस तास नीट राहिल्यावर, म्हणजे मंगळवारी, नेहमीच्या निम्मं खाद्य द्या. साप ओकला असेल तर दहा ते चौदा दिवस काही देऊ नका आणि पहिलं भक्ष्य नेहमीपेक्षा लहान असू द्या.

विष्ठा बघायची सवय लावा. तपकिरी भागाला जोडून एक पांढरा, खडूसारखा गोळा असतो, ती त्यांची लघवी. तो पांढरा आणि ओलसर असेल तर पाणी पुरेसं आहे. पिवळा-नारिंगी आणि वाळूसारखा कडक झाला असेल तर पाणी कमी पडतंय. विष्ठेत न पचलेले कीटक जसेच्या तसे दिसले तर पुन्हा तापमानाकडे वळा.

आकडे नीट असूनही खात नसेल

मग बाकीची कारणं. पहिलं, वजन. ग्रॅम दाखवणाऱ्या स्वयंपाकघरी काट्यावर दर बुधवारी एकाच वेळी वजन करा. काटा फक्त याच कामासाठी ठेवा. ६० ग्रॅमचा गेको ५४ वर आला, म्हणजे दहा टक्के घटला, की वाट बघणं थांबवायचं. वजन टिकून असेल तर शोधायला सवड आहे.

कात टाकायच्या आधी कातडी फिकी, पांढुरकी होते, सापाचे डोळे निळसर-दुधी होतात. त्या दिवसांत न खाणं नैसर्गिक आहे. गेकोची कात पडून गेल्यावर त्याची बोटं एकेक करून भिंगाखाली बघा. बोटाच्या टोकाला पातळ कागदाच्या अंगठीसारखी जुनी कात राहिली तर ती वाळून आवळते, रक्तपुरवठा तुटतो आणि बोट झडतं. टाकीत ओलसर शेवाळ घातलेली झाकणाची डबी, बाजूला भोक पाडून, कायम ठेवलीत तर हा प्रश्न बहुतेक येत नाही. राहिलेली कात कोमट पाण्यात भिजवून कापसाच्या काडीने सोडवा. ओढू नका.

मादीला नर नसतानाही अंडी होतात. पोट फुगलंय, सतत जमीन उकरते आहे, खात नाही, असं दिसलं तर ओलसर माती भरलेला खोल डबा द्या. ताकद लावूनही अंडी येत नसतील तर तो आणीबाणीचा प्रसंग आहे.

कॅल्शियम अंगी लागायला ड्रॅगनला अतिनील (यूव्हीबी) किरण लागतात. त्याची यूव्हीबी ट्यूब प्रकाश देते म्हणून चालू आहे असं समजू नका. दिसणारा प्रकाश टिकतो, अतिनील किरण घटत जातात. ट्यूब लावल्याची तारीख होल्डरवर लिहा आणि वर्षाने बदला. काच हे किरण जवळजवळ पूर्ण अडवते, बारीक जाळीही बराच भाग अडवते. त्यामुळे खिडकीतल्या उन्हाने काम भागत नाही. जबडा मऊ लागणं, बोटं थरथरणं, पाय वाकणं या कॅल्शियमच्या कमतरतेच्या खुणा आहेत आणि त्या दिसल्यावर पुडीचा डोस घरच्या घरी वाढवून भागत नाही.

आणि गोंगाट. चारही बाजूंनी उघडी टाकी, दाराशेजारचं टेबल, काचेवर टकटक. अशा जागी प्राणी लपूनच बसतो. तीन बाजू बाहेरून कागदाने झाका, लपायला किमान दोन जागा द्या, एक उबदार टोकाला आणि एक गार टोकाला. एकच जागा असेल तर त्याला ऊब आणि सुरक्षितता यांतलं एक निवडावं लागतं. हातात घेणं दिवसातून एकदा, दहा मिनिटं, आठवड्यातून तीन-चार दिवस पुरे. नव्या प्राण्याला पहिले दोन आठवडे अजिबात नाही. वर्गातली तीस मुलं पाळीपाळीने धरणार असतील तर ते त्या प्राण्यासाठी शिक्षण नाही, छळ आहे. मुलांना निरीक्षणाची वही द्या, वजनाचा आलेख काढू द्या. त्यातून ती खूप जास्त शिकतात.

तपासणीच्या दिवसांत टाकीत हात जास्त वेळा जातो, म्हणून साल्मोनेला (माणसाला पोटाचा आजार देणारे जंतू) लक्षात ठेवा. ठणठणीत दिसणारा प्राणीही हे जंतू विष्ठेतून अधूनमधून टाकत असतो, त्यामुळे एकदा तपासणी निर्दोष आली म्हणून निर्धास्त होता येत नाही. हात साबणाने किमान २० सेकंद, वाहत्या पाण्यात. जंतुनाशक जेल हा दुसरा पर्याय आहे, साबणाची जागा घेत नाही. टाकीतली भांडी जिथे डबे किंवा कप धुतात तिथे धुवायची नाहीत. सापाच्या खाद्यासाठी आणलेल्या गोठवलेल्या उंदरातही जंतू जिवंत राहतात, तो वर्गाच्या फ्रिजमध्ये नको. पाच वर्षांखालच्या मुलांच्या वर्गात सरपटणारा प्राणी ठेवूच नये.

लांब सुट्टी

दर सुट्टीत वेगळ्या मुलाच्या घरी प्राणी पाठवण्याची पद्धत बंद करा. प्रत्येक घराचं तापमान वेगळं, दिवा नसतो, प्रवास वेगळा, आणि काही बिघडलं तर त्या मुलाच्या मनावर ओझं राहतं. दोन प्रशिक्षित मोठी माणसं ठरवा, एक मुख्य आणि एक राखीव. त्यांनी शाळेत येऊन रोज बघावं, किंवा पूर्ण टाकी, दिवे, थर्मोस्टॅटसकट एकाच घरी हलवावी आणि प्राणी पोहोचण्याच्या आदल्या दिवशी ती चालू करून आकडे जुळवावेत. प्रवासाला हवेची भोकं असलेला, उष्णतारोधक खोका, आतलं तापमान २५ ते ३०. सापाला प्रवासाआधी ४८ तास खायला घालू नका.

सोबत एक कागद द्या: रोजचे आकडे, खाद्याचं प्रमाण, शेवटचं वजन, शेवटची विष्ठा कधी झाली ती तारीख, आणि सरपटणारे प्राणी तपासणाऱ्या पशुवैद्यांचा नंबर. सगळे पशुवैद्य हे प्राणी बघत नाहीत, म्हणून हा नंबर प्राणी आणण्याआधी शोधायचा असतो.

वाट बघत कधी थांबायचं नाही

नाकाशी बुडबुडे, तोंड उघडं ठेवून घरघरत श्वास, हिरड्यांवर पिवळसर थर, मागचे पाय ओढत चालणं, विष्ठेत रक्त, पोटावर भाजल्याचे डाग, किंवा वजनात दहा टक्के घट. यांतलं एकही दिसलं तर त्याच दिवशी पशुवैद्य. गारठ्यानंतरचा फुप्फुसाचा संसर्ग सुट्टीनंतर काही दिवसांनीही वर येतो, म्हणून गुरुवारपर्यंत श्वासाकडे लक्ष ठेवा. जाताना किमान-कमाल आकड्यांची वही, वजनाचा तक्ता आणि चोवीस तासांच्या आतली विष्ठा झाकणाच्या स्वच्छ डबीत सोबत न्या. विष्ठेतल्या जंतांची आणि परजीवींची तपासणी ताज्या नमुन्यावरच नीट होते.